पीपीईएल पदवी: चार सत्रांनंतर, आणि एका रद्द झालेल्या सेमिनारनंतर

चौथ्या सत्राचं वेळापत्रक लागलं आणि त्यात दोन विषयांचे प्राध्यापक एकत्र घेतात तो संयुक्त सेमिनार नव्हता. विषय दोन क्रेडिटचा. 160 क्रेडिटच्या पदवीत दोन क्रेडिट गेले तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा (इंग्रजी आद्याक्षरांनी पीपीईएल) एकत्र शिकवतो म्हणून जी फी घेतली जाते, तिच्यातली ते चार विषय खरोखर एका खोलीत येण्याची जागा तेवढीच होती. बाकी सगळा आठवडा चार वेगळ्या पदव्यांचे तुकडे एकामागून एक वाढले जातात.

हिशोब करा. एक क्रेडिट म्हणजे 15 तास. वर्षाला 40 क्रेडिट, म्हणजे 600 तास. फी वर्षाला चार लाख धरली तर एका तासाला साधारण 667 रुपये पडतात. सेमिनारचे 30 तास म्हणजे 20,000 रुपये. त्या जागी व्यक्तिमत्त्व विकासाचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आले. फी तीच.

कारण विचारलं तर उत्तर मिळालं ते वर्कलोडचं. एका तासाला दोन प्राध्यापक उभे राहिले की कार्यालय दोघांच्या नावावर अर्धा-अर्धा तास लावतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास थेट शिकवणं भरावं लागतं. अर्धे तास कोण घेणार? प्राध्यापकांचा यात काही दोष नाही. दोघंही शिकवायला तयार होते.

सेमिनारमध्ये काय व्हायचं ते सांगितल्याशिवाय ही चिडचिड कळणार नाही. तिसऱ्या सत्रात एकच विषय चार आठवडे चालला: मुंबईतलं भाडेनियंत्रण.

पहिल्या आठवड्यात अर्थशास्त्राची आकृती. मागणी-पुरवठ्याच्या रेषा, समतोलाच्या खाली ओढलेली कमाल भाड्याची आडवी रेघ, आणि तुटवडा. बारावीच्या पुस्तकात हे इथेच संपतं. इथे पुढचा प्रश्न आला: चाळ तर आधीच बांधलेली आहे, तिचा पुरवठा लगेच कमी कसा होईल? होत नाही. आधी डागडुजी बंद होते. मालकाला भाड्यातून जिन्याची फळी बदलण्याइतकेही पैसे सुटत नाहीत, मग तो बदलत नाही. जागेची खरी किंमत भाड्यातून निघत नाही तेव्हा ती पागडीतून, म्हणजे जागा देता-घेताना भाड्याबाहेर घेतलेल्या रकमेतून, निघते.

दुसऱ्या आठवड्यात कायदा. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात प्रमाण भाडं (मालकाला घेता येईल असं कमाल भाडं) 1 सप्टेंबर 1940 च्या भाड्याला बांधलेलं होतं. कायदा तात्पुरता, पण मुदतवाढ मिळत राहिली. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1997 च्या डिसेंबरात म्हटलं की इतक्या जुन्या पातळीवर गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अवाजवी ठरलं आहे. तरीही कलमं रद्द केली नाहीत, कारण कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपणारच होती. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा आहे, आणि भाडेकरूने हक्क सोडताना किंवा हस्तांतरित करताना पैसे घेणंही कायदेशीर झालं. पागडी कागदावर आली ती अशी.

तिसरा आठवडा राज्यशास्त्राचा. तात्पुरता कायदा इतकी दशकं टिकतो कसा? एका इमारतीला मालक एक, भाडेकरू चाळीस, आणि प्रत्येकाला एक मत. मग डागडुजीचा खर्च कुठे गेला? 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ झालं, जुन्या इमारतींवर उपकर बसला, आणि कोसळायला आलेल्या जिन्यांची जबाबदारी सरकारी मंडळाकडे गेली. पहिल्या आठवड्याच्या आकृतीत न दिसलेला खर्च इथे सापडला.

चौथ्या आठवड्यात तत्त्वज्ञान. चाळीस वर्षं राहिल्याने माणसाचा त्या खोलीवर हक्क निर्माण होतो का? होत असेल तर तो कशातून होतो: राहण्यातून, दिलेल्या भाड्यातून, की ‘आपल्याला कुणी काढणार नाही’ या राज्यानेच दिलेल्या भरवशातून? तिन्ही उत्तरांचे परिणाम वेगळे. तिसरं उत्तर धरलं तर नुकसानभरपाई राज्याने द्यायची, मालकाने नव्हे.

या चार आठवड्यांत जे कळलं ते चार वेगळ्या पेपरांत कळत नाही. माझ्या मते पदवी म्हणजे हाच सेमिनार, बाकीचे 158 क्रेडिट त्याची तयारी.

पहिल्या दोन सत्रांनंतर विचारलं असतं तर सगळ्यात मोठी तक्रार पुनरावृत्तीची सांगितली असती. कैद्यांचा पेच (दोघं आपापला स्वार्थ पाहतात आणि दोघंही तोट्यात जातात तो खेळ) तीन वेळा शिकवला गेला: सूक्ष्म अर्थशास्त्रात, राजकीय सिद्धांतात आणि नीतिशास्त्रात. मूलभूत हक्क आणि केशवानंद भारती (संविधानाची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही असं ठरवणारा 1973 चा खटला) दोनदा: एकदा भारतीय शासनव्यवस्थेच्या पेपरात, एकदा संविधानाच्या. 667 रुपयांचा तास दोनदा विकत घेतल्यासारखं वाटायचं.

हे मत आता बदललं आहे. कैद्यांचा पेच अर्थशास्त्रात येतो तेव्हा तक्ता मांडून नॅश समतोल, म्हणजे एकट्याने निवड बदलून कुणाचाच फायदा होत नाही ती जागा, काढायचा असतो. राज्यशास्त्रात तोच खेळ पुन्हा पुन्हा खेळला तर काय होईल आणि करार पाळायला लावणारी संस्था कुठून येईल, हा प्रश्न असतो. नीतिशास्त्रात ‘दोघांचंही नुकसान करणाऱ्या निवडीला विवेकी म्हणायचंच का’ इथे सुरुवात होते. तीन वेगळे धडे आहेत. तोटा होतो तो तिन्ही प्राध्यापक तक्ता पहिल्यापासून मांडतात तेव्हा. प्रत्येक वेळी अर्धा तास त्यात जातो, कारण बाकीच्या दोघांनी काय शिकवलंय ते त्यांना माहीतच नसतं. केशवानंदच्या बाबतीत मात्र तक्रार कायम. तिथे दोन्हीकडे अक्षरशः तेच शिकवलं.

केटी (नापास झालेला विषय पुढे नेणं) कुठे लागते तेही सांगायला हवं. कला शाखेतून आलेल्यांना अर्थशास्त्राच्या गणितात, आणि तीही ठरावीक जागी: मर्यादेसह कमाल मूल्य काढताना, लाग्रांजच्या पद्धतीत. अवकलन यंत्रासारखं जमतं, पण त्या पद्धतीतला गुणक म्हणजे काय हे समजलेलं नसतं. मर्यादा एका रुपयाने सैल केली तर उपयोगिता (ग्राहकाला मिळणारं समाधान) किती वाढेल, ते तो सांगतो. एवढं वाक्य डोक्यात बसलं की गणित सुटतं. विज्ञानवाले तर्कशास्त्रात अडकतात, कारण ते सोपं समजतात. ‘जर–तर’ विधानात पहिला भाग खोटा असेल तर अख्खं विधान खरं, हे सत्यता-कोष्टकात पाठ करून चालत नाही; सिद्धता लिहायची वेळ आली की हात थांबतो.

कायद्यात बहुतेक जण निकाल पहिल्या पानापासून वाचतात आणि तिसाव्या पानावर सोडून देतात. आधी शेवटचा आदेश वाचा: कोण जिंकलं, काय मिळालं. मग न्यायालयाने मांडलेले मुद्दे शोधा. मग प्रत्येक मुद्द्याचं उत्तर ज्या परिच्छेदात आहे तो. त्या उत्तराशिवाय निकाल टिकला नसता, असा भाग म्हणजे निर्णयाधार. बाकीचं प्रासंगिक मत. उत्तरपत्रिकेत हा फरक चुकला की गुण जातातच.

आता ‘एल’ (लॉ, म्हणजे कायदा) या अक्षराबद्दल, कारण प्रवेश घेताना पालकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. ही पदवी घेऊन भारतात वकिली करता येत नाही. वकील म्हणून नोंदणीसाठी बार कौन्सिलने मान्य केलेली कायद्याची पदवीच लागते. पदवीनंतरचं एलएलबी तीन वर्षांचं. तुम्ही इथे केलेले करार कायदा, संविधान वगैरे पेपर तिथे वळते होत नाहीत. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत मधूनच प्रवेश घेण्याला मनाई आहे. म्हणजे चार अधिक तीन, सात वर्षं. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडलात तर सहा. बारावीनंतरचं बीए एलएलबी पाच वर्षांत संपतं. वकीलच व्हायचं नक्की असेल तर ही पदवी घेऊ नका, एक-दोन वर्षं वाचतील.

या रचनेचा उगम पाहिला की हे का झालं ते कळतं. ऑक्सफर्डने 1920 मध्ये पहिले तीन विषय जोडले, कायदा त्यात नव्हता. चारही अक्षरांची पदवी अमेरिकेत रिचमंड आणि ॲरिझोना विद्यापीठांत आहे, आणि तिथे ती बसते, कारण अमेरिकेत कायद्याचं शिक्षण मुळात पदवीनंतरच सुरू होतं. तिथे कुणाचंच वर्ष वाया जात नाही. आपल्याकडे बारावीनंतर सरळ वाट असताना हा वळसा पडतो.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी गोष्ट वेगळी आहे. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयांच्या यादीत हे चारही आहेत, घ्यायचा मात्र एकच, 500 गुणांचा. दोन वर्षं चारही हाताळून मग निवडता येतं, हा फायदा खरा आहे. नीतिशास्त्राचा सामान्य अध्ययन पेपर चार तर अर्धा झालेलाच असतो. अर्थशास्त्रात एमए करायचं असेल तर माहितीपुस्तक उघडून पेपर मोजा: सूक्ष्म, स्थूल, गणित, संख्याशास्त्र, अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजणं). पाचही सक्तीचे असतील तरच पुढे निभाव लागतो. अर्थमिती ऐच्छिक असेल तर ती कुठल्या सत्रात खरोखर शिकवली गेली, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा. ऐच्छिक विषय माहितीपुस्तकात असतो आणि वेळापत्रकात नसतो.

सेमिनारसाठी आम्ही वर्गाने अर्ज दिला आहे, आणि त्यात वर्कलोडला हात न लावणारा मार्ग सुचवला आहे. अर्थशास्त्र आणि कायद्याचे नेहमीचे तास मंगळवारी लागोपाठ ठेवायचे, आणि दोन्ही तासांत तोच खटला घ्यायचा. प्राध्यापक प्रत्येक तासाला एकच, त्यामुळे तास पूर्ण भरतो. पहिल्या तासाची आकृती फळ्यावरून पुसायची नाही, एवढंच.