गिरगावातला वन बीएचके: पागडी की ओनरशिप?

जुन्या इमारतीत पागडीची जागा (एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्याने घेतलेली, मालकी मात्र घरमालकाचीच) स्वस्त पडते, पण बँका तिच्यावर सहसा गृहकर्ज देत नाहीत. हस्तांतराला मालकाची लेखी संमती आणि सौद्याच्या रकमेतला त्याचा वाटा लागतो. भाडेपावती नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊच नका. उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळते, मात्र वर्षे जातात.

ओनरशिपला कर्ज मिळते, विक्रीही सोपी.

दोन्हींत मोरी-संडासाखालच्या सागवानी तुळया आधी पाहा. भिंतीत शिरलेले टोक गळतीने कुजते; स्क्रू ड्रायव्हर सहज रुतला तर सौदा थांबवा.

रोकड आणि सबुरी असेल तर पागडी. कर्ज काढायचे किंवा ५-७ वर्षांत विकायचे असेल तर ओनरशिपच घ्या.