आधी सीएसआर की परदेशी अनुदान?

छोट्या सामाजिक संस्थेनं आधी सीएसआर निधीचीच, म्हणजे कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशाचीच तयारी करावी, असं माझं ठाम मत आहे. 12अ (संस्थेला आयकरात सूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारा सीएसआर-1 क्रमांक, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा आणि ऑडिट झालेले हिशोब हातात असले की कंपनीशी बोलणी सुरू करता येतात.

परदेशी पैशाची वाट लांबची. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्थेला किमान तीन वर्षं झालेली हवीत, त्या काळात प्रत्यक्ष कामावर 15 लाख रुपये खर्च झालेले हवेत. हा पैसा घेण्याचं खातं दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. 2020च्या दुरुस्तीपासून प्रशासकीय खर्चाला 20 टक्क्यांची मर्यादा आहे आणि परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. गावोगावच्या लहान गटांना सोबत घेऊन काम करणाऱ्यांना ही शेवटची अट फार जाचते.

पण घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आमचे दोन विश्वस्त वारले, नवे आले, ठराववहीत सह्याही झाल्या. धर्मादाय कार्यालयात, म्हणजे जिथं संस्थेची नोंद असते तिथं, 90 दिवसांत द्यायचा विश्वस्तांचा बदल अर्ज मात्र राहून गेला. परिशिष्ट एकच्या, म्हणजे तिथल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यावर दिवंगतांचीच नावं! कंपनीनं त्याच पानावर पेन्सिलनं खूण करून फाइल परत पाठवली.