पलंगाला अडकवलेला तक्ता: एका अतिदक्षता विभागाचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियामुळे माझ्या वडिलांना पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ११ दिवस ठेवावे लागले. त्यांपैकी सहा दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. यंत्रसामग्री, स्वच्छता आणि बिल या तिन्ही बाबतींत हा विभाग शहरातील इतर मोठ्या रुग्णालयांसारखाच आहे. वेगळा आहे तो प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेला एकपानी तक्ता.

सकाळच्या राउंडला सिस्टर तो मोठ्याने वाचतात आणि एका नातेवाइकाला दाराशी उभे राहून ऐकू देतात, ही प्रथा मला फार आवडली. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर आहे का, गुंगीचे औषध थांबवून पाहिले का, मानेतील सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीची) आजही गरज आहे का, असे प्रश्न रोज तेच असतात. सातव्या दिवशी या शेवटच्या प्रश्नावर वरिष्ठ डॉक्टर क्षणभर थांबले, "काढून टाका" म्हणाले आणि दुपारी लाइन निघाली.

असल्या साध्या प्रश्नांचे मोल अमेरिकेतील मिशिगन राज्यात मोजले गेले आहे. अतिदक्षता तज्ज्ञ डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी हात धुण्यापासून अनावश्यक लाइन काढण्यापर्यंतच्या पाच गोष्टी नेमाने पाळल्या, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लाइनमुळे होणाऱ्या रक्तातील जंतुसंसर्गाचे मध्यक प्रमाण दर १,००० लाइन-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस लाइन असणे म्हणजे एक लाइन-दिवस) २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आले. खरी गोम अशी की, एखादी पायरी गाळली गेल्यास डॉक्टरांना थांबवण्याची मुभा तेथे सिस्टरांना होती. शेजारच्या रुग्णाला लाइन घालताना "सर, मोठी निर्जंतुक शीट घ्या, ही अंग झाकायला पुरणार नाही," असे येथील सिस्टरांनी तरुण डॉक्टरांना सांगितलेले मी काचेतून ऐकले आणि डॉक्टरांनी निमूटपणे शीट बदलली.

अर्थात प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांची अशी ठरवून दिलेली पद्धत, हे वेदवाक्य नव्हे. रक्तातील साखर दर डेसिलिटरमागे ८१ ते १०८ मिलिग्रॅम या मर्यादेत ठेवण्याचा कडक नियम एकेकाळी अनेक ठिकाणी पाळला जात असे. २००९ च्या मोठ्या चाचणीत त्यानेच मृत्यू वाढल्याचे दिसले. जंतुदोषाने रक्तदाब उतरल्यास पहिल्या तीन तासांत दर किलो वजनामागे ३० मिलिलिटर सलाईन द्यावे, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. ६२ किलोच्या माझ्या वडिलांसाठी हे जवळपास १,९०० मिलिलिटर झाले असते, पण त्यांचे हृदय आधीच अशक्त असल्याने डॉक्टरांनी वारंवार इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहत निम्म्यावरच हात आखडता घेतला आणि तसे करण्याचे कारण तक्त्यावर सहीनिशी लिहिले. या एका ओळीसाठी मी विभागाला पाचपैकी चार गुण देतो.

एक गुण कापला तो रात्रपाळीसाठी. एका रात्री दहा वाजता पलंग जवळजवळ सपाट होता आणि तक्त्यात मात्र पहाटेपर्यंतच्या सगळ्या रकान्यांत एकाच वळणाच्या बरोबरच्या खुणा आधीच झालेल्या होत्या. मी सांगताच वॉर्डबॉय मामांनी पलंग वर केला. खुणा तशाच राहिल्या. शिवाय नातेवाइकांना काय, कधी आणि कोणी सांगायचे यासाठी तक्त्यात एकही रकाना नाही. वडिलांचा व्हेंटिलेटर निघाला, ही बातमी मला सर्वांत आधी बिलिंगच्या खिडकीवर, त्याचे भाडे बंद झाल्यामुळे कळली.