37 फायली गेल्या कुठे? छोट्या नॅसचा आठ महिन्यांचा अनुभव

अमळनेरला काकांचं वकिलीचं ऑफिस. चार कॉम्प्युटर, आणि सगळे मसुदे एका पीसीवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये. आठ महिन्यांपूर्वी दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडायचा साठवणुकीचा डबा) घेतला, रोज रात्री रोबोकॉपीने (विंडोजमधली फायली कॉपी करणारी कमांड) बॅकअप लावला. मशीनबद्दल तक्रार नाही. मे महिन्यात बंद कपाटात तापून पंखा भणभणायला लागला म्हणून बाहेर स्टुलावर आणून ठेवला, तेवढंच. डोकं खाल्लं ते आकड्यांनी.

दोन्हीकडे प्रॉपर्टीज उघडून पाहिलं: इकडे 48,316 फायली, नॅसवर 48,279. ऑफिसातला पोऱ्या रोज सकाळी विचारायचा, "काय भो, आकडा जुयना का?"

25 फायलींचा हिशोब लगेच लागला. थंब्स.डीबी (चित्रांच्या छोट्या झलकांसाठी विंडोज आपोआप बनवतं ती फाईल) आणि वर्डच्या ~$ ने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या फायली मीच कमांडमध्ये वगळल्या होत्या आणि विसरलो होतो. एक होती आऊटलुकची पीएसटी, म्हणजे ईमेल साठवणारी फाईल. मागच्या खोलीतल्या पीसीवर आऊटलुक रात्रभर उघडंच राहायचं, मग ती फाईल कुलूपबंद. रोबोकॉपी मुळात अशा फायलीसाठी 10 लाख वेळा, दर 30 सेकंदांनी प्रयत्न करत बसतो. आर 2 (दोनदाच पुन्हा प्रयत्न) आणि डब्ल्यू 5 (मध्ये पाच सेकंद थांबणं) दिल्यावर बॅकअप पुढे सरकायला लागला.

उरलेल्या 11 नी मात्र दोन आठवडे घेतले. लॉगमध्ये नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. युनिलॉग स्विच (लॉग युनिकोडमध्ये लिहिण्याचा कमांडचा पर्याय) लावला तेव्हा मराठी दिसलं, आणि पहिलंच नाव हे:

"मौजे मारवड ता. अमळनेर येथील शेतगटाचे नोंदणीकृत खरेदीखत वहिवाटीच्या रस्त्याच्या हक्कासह दुरुस्तीनंतरचा अंतिम मसुदा"

विंडोजला हे चालतं, तिथे फाईलच्या नावाला मर्यादा 255 अक्षरांची. नॅसच्या आत मात्र लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. तिथे 255 बाइट. देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणारी खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. नुसता 'क्र' 9 बाइटचा! म्हणजे साधारण 85 चिन्हांत नाव संपवायचं. काकांना हे पटवणं कोर्टात बाजू मांडण्यापेक्षा अवघड गेलं. "नावावरून प्रकरण कळलं पाहिजे" हा त्यांचा हट्ट. शेवटी तडजोड झाली: सविस्तर नाव मसुद्याच्या पहिल्या ओळीत, फाईलला गाव, गट आणि वर्ष.

आणखी एक. टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी बॅकअप चालवणारं विंडोजचं टूल) सगळं नीट झालं तरी निकाल 1 दाखवायचा, मी उगाच घाबरायचो. रोबोकॉपीत 1 म्हणजे फायली कॉपी झाल्या. 8 किंवा त्याच्या वर आलं तरच काही फायली राहिल्यात असं समजायचं.

मिरर स्विच मी अजून लावलेला नाही. मूळ फोल्डरमधून कोणी चुकून उडवलेलं तो नॅसवरूनही उडवतो, आणि आमच्याकडे उडवणारे बरेच आहेत. त्यामुळे आता उलटं होतं: नॅसवर फायली जास्त. ते चालतं. पीएसटीसाठी रात्री निघताना आऊटलुक बंद करायचं काम पोऱ्याकडे दिलंय. आठवड्यातून दोनदा तरी विसरतो.