गिझर लावला की दिवे मंदावतात: स्टॅबिलायझर, नवं वायरिंग की महावितरणकडे तक्रार?

डिसेंबरात नाशिकला सकाळी सहा ते आठ घरोघरी गिझर चालू असतात, आणि नेमक्या याच दिवसांत मला नातेवाइकांचे फोन येतात. यंदा पहिला फोन पंचवटीतल्या ताईचा. "गिझर लावला की घरभर दिवे मंदावतात, फ्रिज नुसता गुरगुरतो. दुकानदार म्हणतो मेनलाच मोठा स्टॅबिलायझर बसवा. वायरमन म्हणतो सगळं वायरिंग बदला. शेजारच्या काकू म्हणतात महावितरणला कळव. तू सांग, काय करू?"

तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या घरात बरोबर ठरतात. ताईच्या घरात कुठला, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. सातपूरच्या कारखान्यात देखभाल विभागात बरीच वर्षं काढल्यावर माझं याबाबतचं मत पक्कं झालंय: व्होल्टेज कुठे गळतंय ते सापडेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

आधी हत्याराशिवाय जेवढं कळतं तेवढं बघा. गिझर लावल्यावर बाथरूमचाच दिवा मंदावतो आणि बाकीचं घर ठीक असेल, तर दोष त्या एका लाइनमध्ये आहे. सगळं घर मंदावत असेल तर मीटरपासून घरातल्या मेन स्विचपर्यंतच्या सामाईक भागात, किंवा त्याच्याही मागे. शेजाऱ्यांचे दिवेही त्याच वेळी मंदावत असतील तर प्रश्न खांबावरचा किंवा डीपीचा (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा). बोअरची मोटार सुरू होताना दिवा क्षणभर लुकलुकतो, ते वेगळं. मोटार सुरुवातीला नेहमीच्या पाच-सातपट करंट खेचते, तेवढ्यावरून घाबरू नका.

काही दिवे मंद आणि त्याच वेळी काही झगझगीत झाले, तर मात्र वाट बघू नका. थ्री-फेज कनेक्शनमध्ये (जिथे वीज तीन वेगळ्या वायरींनी येते) न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, सुटत चालल्याची ती खूण आहे. एखाद्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्ट चढून टीव्ही-फ्रिज जळू शकतात. लगेच मेन बंद करा.

आता मोजण्याचं. वायरमन खिशातला टेस्टर लावतो, तो पेटतो आणि "सप्लाय आहे" असा निकाल लागतो. टेस्टर शंभर-सव्वाशे व्होल्टवरही पेटतो, त्यामुळे या कामात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, त्याहून बरा, कारण तो थोडा तरी लोड टाकतो, पण आकडा देत नाही. मल्टिमीटर आकडा देतो, मात्र लोड नसताना वापरला तर तोही फसवतो. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून ढिल्या सांध्यातूनही तो बिनधास्त २२८ दाखवतो. ताईकडे दोन वायरमन असंच मोजून "व्होल्टेज बरोबर आहे" सांगून गेले होते. त्यांचा आकडा खरा होता, पण त्या वेळी गिझर बंद होता.

म्हणून मी भरवसा ठेवतो तो एकाच पद्धतीवर: गिझर चालू ठेवायचा आणि दोन-तीन ठिकाणी लागोपाठ मोजायचं. ताईकडे २००० वॉटचा गिझर लावून मोजलं, तर खाली जिन्याखाली मीटरनंतरच्या कट-आउटवर (फ्यूजच्या खाचेवर) २२५ व्होल्ट आणि वर घरातल्या मेन स्विचवर १८१. मधल्या पंचवीस मीटरमध्ये ४४ व्होल्ट गायब.

वायरिंग बदलण्याचा सल्ला इथेच तपासून बघता येतो. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम. जाऊन-येऊन पन्नास मीटरला ०.९ ओहम झाला. गिझरच्या पावणेनऊ अँपिअरला त्यात आठेक व्होल्ट पडतात. २.५ ची वायर असेल तर तीन-सव्वातीन. म्हणजे ताईकडे अगदी बारीक वायर असती तरी ४४ व्होल्टचा हिशोब लागत नव्हता. एवढी मोठी गळती फ्लॅटमध्ये दिसली की समजायचं, कुठला तरी सांधा गेलाय.

पुढचा प्रश्न, सांधा फेजचा (वीज आणणाऱ्या वायरचा) की न्यूट्रलचा. अर्थिंग चांगलं असेल तर हे एका मिनिटात कळतं. वरच्या मेन स्विचवर फेज-न्यूट्रल १८१ होतं, फेज-अर्थ २२४. म्हणजे फेज शाबूत, दोष न्यूट्रलमध्ये. कट-आउट काढून, वायर मेल्याची खात्री करून जिन्यातल्या जोडपेटीवर हात ठेवला तर पांढरं प्लास्टिकचं झाकण कोमट लागलं, आणि एका कोपऱ्यात ते चहाच्या डागासारखं पिवळं पडलं होतं. आत अ‍ॅल्युमिनियमची जुनी वायर तांब्याच्या वायरला नुसता पीळ मारून जोडलेली. टेप वितळून डांबरासारखी ओघळलेली, आणि तिच्याखाली पांढरी भुकटी. अ‍ॅल्युमिनियमवर चढणारा हा थर वीज वाहू देत नाही. शिवाय तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, गार झालं की पीळ आणखी सैल होतो.

गिझर चालू असताना त्या सांध्यातून पावणेसात-सात अँपिअर जात होते. ४४ व्होल्टशी गुणलं तर तीनशे वॉट. साठ वॉटचे पाच जुने बल्ब त्या मुठीएवढ्या पेटीत पेटवल्यासारखं. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत कसा नाही, असं ताईने विचारलं. ढिल्या सांध्यामुळे करंट कमी होतो, वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला काहीच कळत नाही. मला झोप लागू न देणारी गोष्ट हीच आहे.

आणि म्हणूनच या घरात मेनला स्टॅबिलायझर बसवणं मला घातक वाटतं. तो १८१ चे २२० करून देतो, पण त्यासाठी मागून जास्त करंट ओढतो आणि तोच करंट त्या जळक्या सांध्यातून जातो. दिवे उजळतील, ताई निर्धास्त होईल आणि पेटी जास्त तापेल. स्टॅबिलायझर घ्यायचा तो घरातले सांधे तपासून झाल्यावरही बाहेरूनच कमी व्होल्टेज येत असेल तर, आणि तोही फक्त फ्रिज किंवा एसीपुरता. घेताना तो किती व्होल्टपासून चालतो ते बघा. गिझरला त्याची गरजच नाही, पाणी उशिरा तापेल इतकंच.

पूर्ण वायरिंग बदलायचं ते वायर कडक होऊन इन्सुलेशन तुटत असेल, अर्थिंगच नसेल, किंवा गिझर-एसीच्या लाइनला १ ची वायर असेल तेव्हा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत, लाकडी पट्टीवरच्या वायरिंगला मी हाच सल्ला देतो.

तक्रारीची बाजू कधी भक्कम होते? घरचा मेन बंद ठेवून मीटरच्या बाजूला मोजा. २३० व्होल्टला सहा टक्के खाली-वर धरलं तर साधारण २१६ ते २४४ मिळायला हवेत. घरात काहीच चालू नसताना तिथे संध्याकाळी रोज १९५ येत असतील, तर तारीख-वेळ आणि आकडा लिहून १९१२ वर तक्रार नोंदवा. मेन बंद असताना ठीक आणि फक्त तुमच्याच लोडला मीटरपाशी कोसळत असेल, तर सर्व्हिस वायर, खांबावरचा जोड किंवा मीटरचे टर्मिनल बघायला हवेत. तेही महावितरणचंच काम. मीटरचं सील तुम्ही किंवा तुमच्या वायरमनने तोडायचं नाही.

उघड्या टर्मिनलवर मोजणं परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. घरच्यांनी सॉकेटमध्ये लावायचा डिजिटल व्होल्टमीटर आणावा, काहीशे रुपयांत मिळतो. गिझर बंद असतानाचा आणि चालू असतानाचा, असे दोन आकडे वायरमनला आल्या आल्या सांगितले की "व्होल्टेज बरोबर आहे" म्हणून तो परत जाणार नाही.

ताईकडे मीटर ते मेन स्विच ४ ची तांब्याची सलग वायर टाकली, मध्ये एकही जोड नाही. गिझर लावून वर २२१ आले. त्याच पेटीत वरच्या मजल्यावरच्या काकूंचाही जोड होता, तसाच पीळ मारलेला, टेप नुकती मऊ पडायला लागलेली. त्यांच्याकडे रविवारी वायरमन येतोय.