मूत्रपिंडावरील किरणोत्सर्ग: प्रयोगासाठी कोणता प्राणी, कोणती पद्धत?

किरणोत्सर्गाने मूत्रपिंडाला झालेली इजा लगेच दिसत नाही. ग्लोमेरुलसमधील (मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गुच्छातील) केशिकांच्या अस्तरपेशींना आधी धक्का बसतो, आणि लघवीतील प्रथिने, रक्तातील युरिया व रक्तदाब यांत वाढ होण्यास पुढे काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून पद्धत निवडताना प्राणी तोवर जगेल का, हे आधी पाहावे लागते.

रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) संपूर्ण शरीराला सुमारे १० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) मात्रा एकदम दिली, तर मूत्रपिंड बिघडण्याआधीच अस्थिमज्जा निकामी होऊन तो दगावतो. ते टाळण्यासाठी त्याच वंशाच्या रॅटची अस्थिमज्जा त्याच्यात घालावी लागते. हा खटाटोप मोठा असला तरी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांशी या पद्धतीचे साम्य आहे. विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातील मोल्डर आणि कोहेन यांच्या गटाने याच पद्धतीने कॅप्टोप्रिलसारखी रक्तदाबाची औषधे तपासली आणि किरणोत्सर्गानंतर काही आठवड्यांनी उपचार सुरू करूनही इजा कमी होते, असे दाखवले. औषधाची परीक्षा हाच हेतू असेल, तर माझ्या मते दुसरीकडे पाहण्याचे कारण नाही.

केवळ मूत्रपिंडांवर किरण सोडल्यास प्रत्यारोपण टळते, मात्र शेजारच्या आतड्यांना झाकणे जिकिरीचे असते. त्यातही एकाच मूत्रपिंडाला मात्रा देण्याचा मोह टाळावा, कारण निरोगी मूत्रपिंड आकाराने वाढून सगळे काम अंगावर घेते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) जवळजवळ सामान्य राहते. अशा वेळी प्रत्येक मूत्रपिंडाचे कार्य वेगळे मोजणारा आण्विक स्कॅन (किरणोत्सारी पदार्थ टोचून घेतलेले चित्रण) नसेल, तर इजा हाती लागतच नाही.

एखाद्या जनुकाची भूमिका तपासायची असेल, तर जनुक बदललेले लहान उंदीर (माउस) सर्वांत सोयीचे. त्यांच्यात रक्त मोजकेच असते, आणि क्रिएटिनिन रंगाच्या बदलावरून मोजण्याची जुनी जाफे पद्धत त्यांच्या रक्तात खऱ्याहून जास्त आकडा दाखवते, त्यामुळे ती टाळावी.

डुकराचे मूत्रपिंड माणसासारखे अनेक खंडांचे, तर उंदीर व रॅट यांचे एकखंडी असते. मूत्रपिंडाच्या ठरावीक भागालाच मात्रा दिल्यास काय होते, हा प्रश्न असेल तरच डुकराच्या पालनाचा आणि भुलीचा खर्च पटण्यासारखा आहे.