फिशटँकवर मेटल हॅलाइड की एलईडी?

जुनी 150 वॅटची मेटल हॅलाइड (टाकीवर टांगायचा प्रखर, तापणारा दिवा) स्वस्तात मिळतेय, घेऊ का, असं विचारणारे पुण्यात अजून भेटतात. मी ती पाच वर्षं वापरली, आता एलईडी वापरतो. तरीही 'नको' म्हणताना जीभ अडखळते, कारण तो उजेड.

मेटल हॅलाइडचा सगळा प्रकाश एका इवल्याशा नळीतून येतो. त्यामुळे पाणी हललं की तळाच्या वाळूवर उजेडाची जाळी धावते, भर दुपारी विहिरीच्या पायऱ्यांवर दिसते तशी. टी-फाइव्ह, म्हणजे बारीक ट्यूबलाइटखाली ती दिसत नाही. एलईडीच्या पसरट पॅनेलखाली पुसट दिसते, मोजके जोरदार एलईडी एकत्र असले तर बरी. शिवाय दोन फूट खोल टाकीतही तळाच्या रोपांना मेटल हॅलाइडचा उजेड पुरतो.

आता उष्णता. माझ्या तीन फुटी टाकीत साधारण 180 लिटर पाणी आहे. एप्रिलमध्ये दुपारी ते 32 अंशांवर जायचं आणि वनस्पती मलूल व्हायच्या. दिवा पाण्यापासून फूटभर वर टांगला, त्याची वेळ संध्याकाळी पाच ते रात्री बारा केली आणि पाण्यावर छोटा पंखा लावला. आपला उन्हाळा कोरडा असल्याने पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण रोज दीड-दोन लिटर पाणी उडून जातं. आमच्या सोसायटीत टँकर येतो, तेव्हा ती बादली भरताना जीवावर यायचं.

विजेचं सोपं आहे. चोकची भर धरून 150 वॅटचा दिवा सुमारे 170 वॅट खातो. रोज आठ तास धरले तर महिन्याला 41 युनिट. त्याच टाकीवरची माझी 70 वॅटची एलईडी 17 युनिट घेते. बिल शंभर युनिटांच्या आसपास घुटमळत असेल तर हा फरक दराचा टप्पाच बदलतो.

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की आणखी एक गंमत. गरम बल्ब वीज येताच पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटं थंड होतो, मग जांभळट लुकलुकतो आणि तीन-चार मिनिटांनी पूर्ण उजळतो. घरच्या इन्व्हर्टरवर मी तो कधी लावलाच नाही.

बल्ब जळेपर्यंत वापरू नये. वर्षभरात उजेड घटतो, रंग सरकतो आणि शेवाळ माजतं. वनस्पतींना 6500 केल्विनचा बल्ब लागतो (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). 14000 आणि 20000 केल्विनचे निळसर बल्ब समुद्री टाकीसाठी. त्या बल्बांची खरी गरज कठीण प्रवाळांना, आणि आपल्या समुद्रातले ते प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. म्हणजे इथल्या बहुतेकांसाठी मेटल हॅलाइडचं मुख्य कारणच उरत नाही.

एलईडीही निर्दोष नाही. स्वस्त पट्टीचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारा भाग) आधी जातो आणि दुरुस्त करणारा सापडत नाही. वर लावलेला बारीक पंखा धुळीने अडकला तर एलईडी तापून मंदावतात. पण उजेड कमी-जास्त करता येतो, ही सोय मोठी. टी-फाइव्हच्या नादी आता लागू नका. युरोपात ऑगस्ट 2023 पासून त्या ट्यूब बाजारात आणायला बंदी आहे. पुढे त्या मिळणं अवघडच होत जाणार.

तेव्हा टाकी दीड फूट खोल आणि खोली पश्चिमेची असेल, तर एलईडीच घ्या. टाकी खूप खोल असेल, खोली गार असेल आणि ती जाळी डोळ्यांसमोर हवीच असेल, तर जुनी मेटल हॅलाइड बघायला हरकत नाही. विकणाऱ्याकडे ती पंधरा मिनिटं पेटवून पाहा, बंद करा, थंड झाल्यावर पुन्हा पेटते का बघा. दोन्ही टोकांना पकडणारा बल्ब असेल तर पुढची काच शाबूत हवी, कारण अतिनील किरण तीच अडवते. माझ्या दिव्याची काच तापलेली असताना जाळीने मासा काढायला गेलो आणि थेंब उडून ती तडकली. नवी मिळेपर्यंत आठ दिवस टाकी अंधारात होती.